भडका डावखुरी आहे

६ फेब्रुवारी

आज तुमची ती डॉक्टरबाई लाँड्रीत आली. जनावरांची डॉक्टर. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून हळूच म्हणाली, "काकू, रागावू नका, पण तिला आता मरू द्यायचं का?"

माझ्या हाताखाली कुणाचा तरी पांढरा शर्ट होता. इस्त्री वेळेवर उचलली गेली, एवढं बरं झालं.

"कुणाला?"

"भडकाला. आमच्या खेळातली हो. तुमच्या लेकीची."

मग तिने सगळं समजावून सांगितलं. रविवारी दुपारी तुम्ही तिच्या दवाखान्यात जाऊन काय खेळायचात, ते मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं पत्ते असतील. तर एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि पुढे काय घडणार ते निम्मं आपण बोलायचं, निम्मं फाशांवर सोडायचं. पोस्टमन त्यात जादूगार, बेकरीत काम करणारी ती चोरटी, आणि तुम्ही भडका. डोंगरापलीकडची रानटी बाई, हातात कुऱ्हाड, संताप आला की कुणाच्या बापाला आवरत नाही अशी. तुम्ही निघून गेलात तेव्हापासून ती बिचारी एका पुलाच्या तोंडाशी उभी आहे. तिला ताप आला, ती झोपली, तिचा पाय मुरगळला, अशा सबबी सांगून त्यांनी एवढे दिवस ढकलले. पण आता गोष्ट पुलापलीकडे न्यायची तर तिचा काहीतरी निकाल लावायला हवा.

मी म्हटलं, "आमच्या घरातलं आणखी कुणी मरायचं नाही."

"मग तिला खेळणार कोण?"

"मी येते."

डॉक्टरबाई हसली नाही. तिचं हे मला आवडलं.

मी 'तुम्ही' लिहिते आहे, हे पहिल्या ओळीतच लक्षात आलं असेल. आपल्या घरात 'अगं' ऐकू आलं की सगळं ठीक असायचं. 'या बाईसाहेब, आलात का?' असं मी म्हटलं की लहानपणी तुम्ही चपला न काढता कपाटामागे जायचात. मला ओरडता येत नाही. राग चढला की माझ्या तोंडून आदर बाहेर पडतो. तुमच्या बाबांना तर मी कायमच अहो म्हणायचे, त्यामुळे त्यांना माझा राग कधी कळलाच नाही. तुम्हाला मात्र कळतो. फोन करत नाही त्याचं कारणही हेच. फोनवर 'तुम्ही' म्हणवणार नाही आणि 'तू' अजून म्हणवत नाही. कागदावर जमतं.

त्यांनी आपला आजार तुम्हाला सांगितला, मला सांगितला नाही. तुम्ही महिनोन्‌महिने माझ्यासमोर बसून चहा प्यालात, "बाबा जरा थकलेत गं" म्हणालात, आणि मला शेवटी कळलं ते वॉर्डातल्या एका नर्सकडून. तिला वाटलं, मला ठाऊक असणारच. खरं भांडण माझं त्यांच्याशी आहे. पण ते भांडायला राहिले नाहीत. तुम्ही आहात.

तुमच्या टेबलाच्या खणातले फासे मी घेतले आहेत. चालेल ना, असं विचारत नाही.


२४ फेब्रुवारी

गेले, खेळले आणि सगळ्यांसमोर शोभा करून घेतली.

दवाखान्याच्या पुढच्या खोलीत, जनावरं तपासायच्या टेबलावर पोस्टमनची जुनी चादर अंथरून खेळतात. सगळीकडे फिनेलचा वास. मागच्या जाळ्यांमध्ये दोन कुत्री आणि टाके घातलेलं एक मांजर. कोपऱ्यात जनावरं तोलायचा लोखंडी काटा. तो मी बघताक्षणी ओळखला. गावातल्या अर्ध्या दुकानांचे काटे तुमच्या बाबांनी सरळ केले, आणि त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक काट्याच्या स्क्रूवर एक तिरका ओरखडा आहे, डाव्या हाताने पिळल्याचा. कुणी बघत नाहीसं पाहून मी माझी पर्स त्यावर ठेवली. काटा हलला. पर्स उचलली, मुकाट शून्यावर आला. अजून बरोबर आहे.

खेळात पुलावर पलीकडून लोखंडी टोप घातलेले शिपाई आले. डॉक्टरबाई म्हणाली, "काकू, भडकाला संताप येतो. कसा येतो, दाखवा."

"कसा म्हणजे? संताप आला."

"नुसतं आला म्हणून चालत नाही हो. ती काय करते? दिसते कशी? आवाज कसा काढते?"

मी उभी राहिले, नसलेली कुऱ्हाड उजव्या हातात घट्ट धरली आणि 'आ' करून ओरडले. मागची दोन्ही कुत्री भुंकायला लागली, मांजर जाळीवर चढलं आणि बेकरीतलीने चादरीचं टोक तोंडात कोंबलं. पोस्टमन फार गंभीर चेहरा करून म्हणाला, "काकू, हा दाढ दुखतानाचा आवाज झाला."

घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन पुन्हा करून पाहिलं. तसाच आला, दाढदुखीचा. घर इतकं रिकामं आहे की आवाज थोडा वेळ घरातच राहिला. मग दिवा घालवून बाहेर आले.


१८ मार्च

डॉक्टरबाईने नियमांचं जाड पुस्तक वाचायला दिलं आहे. तुम्हाला माहीत आहे, मी वाचायला शिकले ती कपड्यांच्या आत शिवलेल्या पट्ट्यांवरून. थंड पाणी. उलट बाजूने इस्त्री. पिळू नये. वाचनालय त्यानंतरचं. त्यामुळे कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी काय करू नये ते शोधते.

संतापाच्या पानावर लिहिलं आहे, संतापलेल्या माणसाला मंत्र म्हणता येत नाहीत. बरोबर आहे. एक फेरी कुणावर वार केला नाही, तर संताप आपोआप उतरतो. हेही पटलं, संताप टिकवायचा तर समोर कुणीतरी लागतंच. आणि संतापलेल्या माणसाला लागलेला घाव अर्धाच मोजायचा. या ओळीवर मी जरा थांबले. त्या ओळीखाली डॉक्टरबाईने पेन्सिलीने आपल्या टेबलाचा नियम लिहिला आहे: राहिलेला अर्धा संताप उतरल्यावर.

पण हे सगळं हिशेबाचं झालं. संताप दाखवायचा कसा, ते पुस्तकात कुठेच नाही. म्हणून मी ज्याला त्याला विचारत सुटले. पोस्टमनला राग आला की उचकी लागते. वरच्या साहेबाशी त्याचं एकही भांडण आजवर पूर्ण झालेलं नाही. बेकरीतलीला हसू येतं. तिचं लग्न मोडलं त्या दिवशी ती खो खो हसत होती, आणि सासरच्यांनी तेवढ्यावरून तिला वेडी ठरवलं. डॉक्टरबाई नखं कापते. स्वतःची नव्हे, हाताशी येईल त्या कुत्र्याची.

मी एकेक राग भडकाच्या अंगावर चढवून पाहिला. न्यायला कुणी आलं नाही असे कोट आपण दोघी लाँड्रीच्या मागच्या खोलीत घालून बघायचो ना, तसा. उचकी लावली, तर कुऱ्हाड उचलेपर्यंत शिपाई हसून लोळले. हसवली, तर बरी हसली, पण ते बेकरीतलीचं हसू होतं, माझ्या खांद्यावर उतरत होतं.

मग मी आपल्या बोलण्यातलंच घ्यायचं ठरवलं. माणूस डोक्यात राख घालून घेतो म्हणतात. भडकाने चुलीतली राख खरोखर मूठभर डोक्यात घातली. शिंकली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तर पुढच्या रविवारी तिने आधी जोडे काढले, पाय पुलाच्या फळीवर रोवले आणि वाट बघत उभी राहिली. "घोट्यापर्यंत आली," मी सांगत गेले. "गुडघ्यापर्यंत आली. आता कमरेला—"

"काकू," पोस्टमन म्हणाला, "मस्तकात पोचेपर्यंत आम्ही मेलेले असू."

फार हसलो. मीही हसले, पोट धरून. निघताना बेकरीतली उरलेला पाव कागदात बांधून देते. एका माणसाला तो संपता संपत नाही. शेवटचा तुकडा मी उभ्याउभ्याच खाते, टेबलाशी बसलं की समोरच्या दोन खुर्च्या दिसतात.


६ एप्रिल

तुमचं कार्ड मिळालं. पोस्टमनने ते लाँड्रीत हातात दिलं आणि आपण वाचलं नाही असं दाखवलं. एका ओळीत वाचायचं काय आणि न वाचायचं काय म्हणा.

"भडका डावखुरी आहे."

ना नमस्कार, ना सही. सही मीही करत नाही, तेव्हा फिटंफाट. पण म्हणजे माझी पत्रं पोचतात. वाचलीही जातात. आणि एवढ्या सगळ्या लिहिण्यातून तुम्हाला काय खटकलं, तर मी कुऱ्हाड उजव्या हातात दिली ते.

कार्ड मी इस्त्रीच्या टेबलावर उभं करून ठेवलं आणि काम करता करता बघत राहिले. आपल्या घरात डावखुरं माणूस एकच होतं.

संध्याकाळी डॉक्टरबाई तिचे पांढरे डगले न्यायला आली. मी विचारलं, "माझी लेक भडकाचा संताप कसा करायची गं?"

"तुम्हाला सांगितलं नाही का कधी? अहो, ती काहीच करायची नाही. डोळे बारीक करायची आणि गुणगुणायची. नाकातल्या नाकात. शब्द नाही, चाल नाही. ती गुणगुणायला लागली की आम्ही खुर्च्या मागे घ्यायचो."

मी काउंटरच्या आड खाली बसले. बटणं सांडली आहेत, असं तिला सांगितलं.

दुकानदाराने काट्याच्या पारड्याखाली चुंबक चिकटवलेलं सापडलं की ते तसं गुणगुणायचे. तुम्ही त्यांची पिशवी धरून बरोबर जायचात, तेव्हा तुम्ही ऐकलं असणार, आणि तेव्हाच ओळखलंही असणार. मी घरात असायचे. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. कधीकधी हात धुताना गुणगुणायचे. मला इतकी वर्षं वाटत होतं की माझा नवरा खुशीत आहे.

शेवटच्या महिन्यांत ते सारखे गुणगुणायचे. दाढी करताना, खिडकीत बसून, औषधाच्या गोळ्या तळहातावर घेऊन. मी शेजारणीला म्हटलंसुद्धा होतं, यांचं आताशा फार छान चाललंय बघा.

डॉक्टरबाई कुणाला मरू द्यायचं म्हणून विचारायला आली होती, ते मला आज कळलं. येत्या रविवारपासून कुऱ्हाड डाव्या हातात.


४ मे

काल जमलं.

शिपायांचा नायक स्वतः पुलावर आला. डॉक्टरबाई त्याचा आवाज काढते, घशातून, घाण. म्हणाला, "बाजूला हो, म्हातारे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुणगुणणं मी केलं नाही. ते त्यांचं होतं, मग तुमचं झालं, माझ्या नाकात ते बसत नाही. मी खुर्चीत सरळ बसले, समोरच्या चादरीची सुरकुती हाताने सपाट केली आणि म्हणाले, "या ना. आपण दमला असाल. केवढा हा टोप, मानेला रग लागत असेल. काढून द्या इकडे, मी धरते. आता मान जराशी डावीकडे करता का? हं. अश्शी."

खोलीत कुणी हललं नाही. मागची कुत्रीसुद्धा.

"भडका वार करते," मी म्हटलं.

फासे असे पडले की डॉक्टरबाईने स्वतः टाळी वाजवली. नायकाचा टोप माझ्या हातात राहिला आणि बाकीचा नायक नदीत गेला. बेकरीतली दोन्ही हातांनी आपली मान धरून म्हणाली, "काकू, पाया पडते, मला कधी अहो म्हणू नका हं."

आता सगळ्यांना तेच हवं असतं. शिपाई दिसला रे दिसला की पोस्टमन म्हणतो, "काकू, याला आपण म्हणा, याला आपण म्हणा." आणि भडका एकेकाला या-बसा करत कापत सुटते. तिला स्वतःला बाण लागतात, भाले लागतात, आणि मी पोस्टमनच्या हातातली पेन्सिल धरून सांगते, अर्धेच मोज.

रस्त्याने येताना तेच तोंडात घोळत होतं. अर्धेच मोज, अर्धेच मोज. भाजीच्या दुकानासमोर दिवे लागले होते, त्यांनी सरळ केलेला काटा तिथेही आहे, आणि मी अगदी आरामात त्याच्याजवळून गेले. ते गेले तेव्हाही सगळे म्हणत होते, किती धीराची बाई आहे, डोळ्यांतून टिपूस नाही. भेटायला येणारे ओसरले, तुम्ही बॅग भरायला घेतलीत, आणि मी दारात उभी राहून म्हटलं, "या आपण, उशीर होईल." तेव्हाही मला काही लागलं नव्हतं.

तुम्हाला पत्र लिहून झालं की चार दिवस मला बरं वाटतं. या बरं वाटण्याचा मला आज जरा संशय आला आहे.


२ जून

रविवारी मी खेळ अर्धा टाकून उठून आले.

झालं असं. पोस्टमनच्या जादूगाराला मागेच एक काळा बाण लागला होता, विषाचा. त्याने ते भडकाला सांगितलं नाही. फक्त चोरटीला सांगितलं आणि तिला शपथ घातली की भडकाला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती पूल सोडून माझ्यापाशी येऊन बसेल आणि सगळेच मरू, म्हणे. माझ्यामागे दोघे चिठ्ठ्या लिहून डॉक्टरबाईला देत होते, मला वाटायचं त्यांचं जादूचं काहीतरी चाललंय. रविवारी जादूगार चालता चालता पुलावर आडवा झाला.

पोस्टमनला कोण आनंद झाला होता. "कसं काय, काकू! लागू दिला का पत्ता?"

मी फासे डबीत भरले. डबीचं झाकण लावलं. "छान केलंत," मी म्हटलं. "आपण दोघांनी फार छान केलंत. येते मी."

तो हसतच होता. त्याला वाटलं, भडका बोलते आहे.

सोमवारी सकाळी बेकरीतली लाँड्रीत आली. हाताला पीठ तसंच, डोक्याला रुमाल. मी म्हटलं, "बोला, काय आणलंत धुवायला?"

"काकू, असं नका ना बोलू. अगं म्हणा."

"पावती करायची का?"

"काकू!" ती हसायला लागली. म्हणजे तिला राग आला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पिठाच्याच हातांनी ते पुसत होती, सगळा चेहरा लगदा झाला. "त्याची जखम होती! त्याने सांगू नको म्हटलं, मी काय करणार होते? त्याचं ऐकलं तर तुमची चोर, तुम्हाला सांगितलं तर त्याची चोर. किती रविवार मी तुमच्या शेजारी बसले आणि मला तुमच्याकडे बघता येत नव्हतं. तुम्ही म्हणायचात, आज पाव काय सुरेख झालाय गं, आणि मला वाटायचं, आत्ता बोलून टाकावं. आत्ता. मग तुम्ही दुसरंच काहीतरी बोलायचात. खेळातलं होतं हो काकू, खेळातलं! तरी मला घास जात नव्हता."

मागून लाँड्रीच्या मालकांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं, डाग जात नाहीये.

ती गेल्यावर मी कितीतरी वेळ एकच बाही इस्त्री करत होते.

खेळातलं होतं, तरी.

त्या दिवसांत मी तुमच्याशी बोलायला लागले की तुम्ही उठून भांडी आवरायचात. आवरलेली पुन्हा आवरायचात. माझ्याकडे पाठ असायची. मला वाटायचं, पोर कामाला लागली, चला. पुढचं आज लिहवत नाही.


१७ जून

अगं,

रविवारी गेले. पोस्टमन दवाखान्याच्या दारातच उभा होता. "काकू, माफ करा" म्हणता म्हणता त्याला उचकी लागली. म्हणजे त्यालाही माझा राग आला होता. मला फार बरं वाटलं. त्याला आधी पाणी दिलं.

मग बसलो. पुलावर शेवटचे दोन शिपाई उरले होते. त्यांच्यासमोर भडका, डाव्या हातात कुऱ्हाड, अंगावर मोजून ठेवलेले सगळे अर्धे घाव. तिच्या मागे फळ्यांवर जादूगार पडलेला.

"काकू," डॉक्टरबाई म्हणाली, "भडका संतापात आहे. काय करते?"

"मागे वळते."

"वार नाही केलात तर संताप उतरेल."

"माहीत आहे."

"उतरला की राहिलेला अर्धा एकदम येईल. ती पडेल काकू. मी सोडणार नाही हं, नियम म्हणजे नियम."

"सोडू नकोस."

बेकरीतली म्हणाली, "त्या दोघांना मी बघते. तुम्ही जा." आणि तिने बघितलं, कसं ते मला माहीत नाही, माझं तिकडे लक्ष नव्हतं. भडका जादूगाराजवळ बसली. कुऱ्हाड खाली ठेवली. डाव्या हाताने त्याचा हात धरला.

"ती त्याला काय म्हणते?" डॉक्टरबाईने विचारलं. अगदी हळू विचारलं.

मी पोस्टमनकडे बघितलं. त्याच्या शर्टाच्या खिशाला पेनाची शाई लागली होती. मी म्हटलं, "तू मला सांगायला हवं होतंस रे. मी काय पळून जाणार होते? नुसती शेजारी बसले असते. तुझं ते गुणगुणणं ऐकत बसले असते, ते गाणं नाही हे कळून. तेवढंसुद्धा तू मला दिलं नाहीस."

जन्मभर ज्या माणसाला अहो म्हटलं, त्याला मी पहिल्यांदा तू म्हटलं, आणि तेही पोस्टमनच्या तोंडावर. त्या बिचाऱ्याने माझा हात धरून ठेवला.

मग डॉक्टरबाईने पेन्सिल घेऊन राहिलेले अर्धे मोजले. एकही सोडला नाही. आणि मी रडले. गेल्या वर्षीचं, त्या आधीचं, सगळं. तपासायच्या टेबलावर डोकं टेकून मोठ्याने रडले. मागे कुत्री आधी भुंकली, मग त्यांनी सूर धरला. कुणी मला उगी म्हटलं नाही. तुझे मित्र चांगले आहेत.

भडका मेली नाही. पडली आहे. तिला उठवायला तिच्या माणसाने हात द्यावा लागतो, असा नियम आहे. बेकरीतली पुढे झाली होती, मी थांबवलं. म्हटलं, जिची आहे ती येऊन उठवेल.

"म्हणजे आता आम्ही पुन्हा सबबी सांगत बसायचं?" पोस्टमन म्हणाला.

"बसायचं," मी म्हटलं.

दोन दिवस लाँड्रीत गेले नाही. अंथरुणातच होते. आजारी नव्हते, घाबरू नकोस. राहिलेला अर्धा होता, तो घरीही बराच निघाला. त्यांच्या हत्यारांची पिशवी उघडली. मुठीवर त्यांच्या बोटांच्या खुणा आहेत, उजव्या हातात धरलं की त्या कुठेच बसत नाहीत. आज सकाळी उठले, पाव भाजला आणि टेबलाशी बसून खाल्ला.

तुझं बरोबर होतं की नाही, ते मी ठरवणार नाही. त्यांनी तुझ्यावर जे टाकलं ते कुणी लेकरावर टाकू नये, एवढं मात्र मला आता दिसतं. तू ते माझ्याकडे पाठ करून उचललंस, भांड्यांचा आवाज करत. तरी मला तुझा राग आहे. अजून आहे. पण तो उतरण्यातला आहे, आदर न करता बोलता येईल असा.

म्हणून ये. रविवार बघून ये. भडका पुलावर पडली आहे, तिला उठव. आणि मग घरी चल. चपला काढायच्या राहिल्या तरी चालेल, पण कपाटामागे जायचं नाही. माझ्यासमोर उभी राहा. गधडे, मला तुझ्यावर ओरडायचं आहे.

आई